मधल्या सीटवर कोण बसणार?

फोंड्याहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. त्यातला मतलब तेवढा इथे देतो. "घरात आम्ही पाचजण. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. मी नोकरीसाठी रोज फोंडा-पणजी स्वतः गाडी चालवत जाते-येते. बारा वर्षांची आय-टेन आता थकली. यजमानांना क्रेटाच्या वर्गातली एसयूव्ही हवी आहे, तीही सगळ्यांत वरचं मॉडेल, सनरूफसकट. मला वाटतं, एवढी मोठी गाडी आपल्याला कशाला? लांबचा प्रवास म्हणजे चवथीला, गणेशचतुर्थीला, सत्तरीतल्या गावी आणि वर्षातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला माहेरी. शोरूमवाला म्हणतो, फॅमिलीसाठी हीच घ्या. घरात रोज त्यावरून बोलाचाली. काय करावं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे आज रात्री जेवताना तरी शांतता राहील. गाडी यजमान म्हणतात त्या वर्गातली घ्या, पण मॉडेल मधलं घ्या. सनरूफचा हट्ट त्यांना सोडावा लागेल. आणि हा वर्ग घ्यायचा तो यजमान सांगत असतील त्या कारणासाठी नव्हे, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी.

माझ्या आईची गोष्ट सांगतो. आमच्याकडे बरीच वर्षं बुटकी हॅचबॅक होती. आईचे गुडघे गेले तेव्हा ती गाडीत कशी बसायची ते मी रोज बघत होतो. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा माझ्या खांद्यावर. अर्ध्यापर्यंत ती स्वतःला सावरत खाली न्यायची आणि शेवटची चार बोटं धप्पकन पडायची. उतरताना तर दोघं लागायचे. एक ओढायला, एक मागून रेटायला. मग एकदा शेजाऱ्यांच्या क्रॉसओव्हरमधून, म्हणजे उंच बांध्याच्या मोटारीतून, तिला दवाखान्यात नेलं. तिने सीटकडे पाठ केली, खुर्चीवर टेकावं तशी टेकली, एकेक पाय आत घेतला आणि म्हणाली, "चल." मी तिथे उभाच राहिलो होतो, खांदा पुढे करून.

या गाड्यांची खरी कमाई ती हीच. सीट अशा उंचीवर येते, की वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही. फायदा मिळतो तो मात्र मधल्या उंचीलाच. थार किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत पायरीवर पाय ठेवून चढावं लागतं, ते सासूबाईंना जमणार नाही. तपासायची रीत सोपी आहे. त्यांना उघड्या दाराशी ताठ उभं करा. सीटची कड कमरेच्या जरा खाली, मांडीच्या वरच्या भागाला लागली की उंची बरोबर. मग दाराचा उंबरा बघा. तो रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो आणि पावसाळ्यात साडीची कड चिखलाने भरते. त्यांना नेहमीच्या साडीत, नेहमीच्या चपलांत शोरूमला न्या आणि तीनदा चढउतार करायला सांगा. पहिल्यांदा सगळेच नेटाने बसतात, खरं काय ते तिसऱ्यांदा कळतं.

आता बसायचं कुणी कुठे, ते ठरवू. हे कुणीच ठरवत नाही आणि नंतर पाच वर्षं कुरकुरत बसतं. चार वर्षांच्या मुलीला चाइल्ड सीट लागेल, नऊ वर्षांच्या मुलाला उंचीप्रमाणे बूस्टर. मोटार वाहन कायद्याचं १९४ ब कलम चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड सांगतं, पण दंडाचं सोडा, तुम्ही रोज ज्या रस्त्याने जाता तो पाहिला की कायद्याची गरज पडू नये. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मागच्या सीटवर दोन्ही कडेलाच असतात, मध्ये नसतात. म्हणजे मुलं दोन खिडक्यांना. सासूबाई पुढे, डावीकडे. चालवणार तुम्ही. उरले यजमान आणि उरली मागची मधली जागा!

त्या जागेचं वर्णन शोरूममध्ये कुणी करत नाही. तिची पाठ म्हणजे घडी घातलेला आर्मरेस्ट, म्हणून ती कडक. पायांशी जमिनीला उंचवटा, पुढ्यात एसीच्या झरोक्यांची पेटी. दोन बाजूंना चाइल्ड सीट असल्या की उरते ती जागा साधारण एसटीच्या बाकावर तिसऱ्याला मिळते तेवढी. या वर्गातली कुठलीही गाडी घ्या, साधारण १८०० मिलिमीटर रुंदीत यापेक्षा वेगळं काही घडवता येत नाही. म्हणून बघायचं ते एवढंच, की मधल्या सीटला तीन टोकांचा पट्टा आणि डोकं टेकायला उशी आहे का, आणि उंचवटा किती. रोजच्या वापरात तिथे कुणी बसणार नाही. चवथीला आणि बेळगावला बसावं लागेल. घरात सहावं माणूस असतं तर मी तुम्हाला सरळ सात आसनी अर्टिगा घ्यायला सांगितलं असतं आणि हे पत्र इथेच संपवलं असतं.

रुंदीवरून वाटेकडेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आठवलं. तुमच्या आय-टेनची रुंदी १५९५ मिलिमीटर. क्रेटा आणि तिच्याच वर्गातली होंडाची एलिव्हेट, या दोन्ही १७९०. म्हणजे जवळजवळ वीतभर जास्त, आणि आरसे त्याच्या बाहेर. लांबीत अडीच फुटांचा फरक. सत्तरीतल्या घराकडे जाणारी वाट दोन्हीकडून चिऱ्यांच्या गडग्यांतली असेल, आणि अंगणात वळताना एका कोपऱ्यावर हमखास एखादा माड उभा असेल. माझ्या ओळखीच्या एकाने नवी गाडी पहिल्याच चवथीला गडग्याला घासली. दोन्ही दारं, पुढून मागपर्यंत, किसणीवर नारळ धरावा तशी. येत्या रविवारी टेप घेऊन जा आणि वाट सगळ्यांत अरुंद जिथे आहे तिथे मोजा. सव्वादोन मीटर मिळाले तर निर्धास्त. दोनच्या आसपास असेल तर गाडी फाट्यावर ठेवून सामान डोक्यावरून न्यायची तयारी ठेवा.

इथे तुम्ही म्हणाल, मग चार मीटरच्या आतली घेऊ. विचार चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. चार मीटरची मर्यादा लांबीची, आणि ती करासाठी आखलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्यापलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून कंपन्या लांबी कापतात, रुंदी नव्हे. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर लांब, पण १८०४ रुंद, क्रेटाहूनही जास्त. गडग्याला त्याचा काही उपयोग नाही. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे तिला ४० टक्केच. फोंड्याच्या बाजारात पार्किंग शोधताना आखूड गाडी बरी पडते आणि खर्चही बराच वाचतो, हे खरं. डिकी तिथेच कापली जाते, हेही खरं. खिशाला ओढ बसत असेल तर नेक्सॉन वाईट नाही, भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला पाच तारे आहेत. पण सासूबाई, दोन मुलं आणि चवथीचं सामान एका खेपेत न्यायचं असेल तर मागे अर्धा हात जास्त असलेला बरा.

एसयूव्ही या शब्दाबद्दल दोन शब्द, कारण यजमानांचा सगळा जीव तिथे आहे. या वर्गातल्या बहुतेक गाड्या पुढच्या दोन चाकांवरच चालतात, म्हणजे मुळात त्या उंच केलेल्या मोटारीच. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये चारही चाकांना जोर देणारं मॉडेल मिळतं, पण तुम्हाला त्याची गरज नाही. मोरजीच्या वाळूत एसयूव्ही घालून बसणारे पर्यटक दरवर्षी बातमीत येतात. एक तर किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा, वर ट्रॅक्टरचं भाडं. वाळूने गाडीच्या मागचं नाव वाचलेलं नसतं.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडाही असाच. क्रेटा १९० मिलिमीटर सांगते, एलिव्हेट २२०. हे आकडे सहसा रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि भरलेली डिकी झाली की गाडी बोट-दोन बोटं खाली बसते. तरीही आय-टेनच्या तुलनेत तुम्हाला आराम वाटेल, विशेषतः पावसानंतर रस्त्यांवर पडतात त्या खड्ड्यांत. आणि कधी दिवाडीच्या फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी गाडी चढवाल तेव्हा लक्षात येईल, की घासतं ते पोट नव्हे, नाक. पुढचा बंपर पुढच्या चाकाच्या किती पुढे लोंबतो ते बघा.

पाण्याबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अठरा वर्षं मी गाड्यांच्या विम्याच्या सर्व्हेचं काम केलं आणि दर जून-जुलैत एकच कहाणी ऐकली. "गाडी उंच होती, म्हणून घातली." उंच गाडीचं पाप तेच, ती धीर देते. इंजिन हवा घेतं ती बोनेटच्या खाली, पुढच्या बाजूने. त्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं आकसत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळदा गाडी पाण्यात नुसती बंद पडलेली असते, इंजिन अजून वाचण्यासारखं असतं, आणि मालक घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो. मोडतं ते त्या दुसऱ्या स्टार्टला. बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, उतरा, ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. सनरूफला नकार देऊन जे पैसे वाचतील त्यातले थोडे तिथे घाला.

सनरूफचं आता आलंच आहे तर ऐका. गोव्याच्या उन्हात वर्षाचे आठ महिने तिचा पडदा लावलेला असतो आणि उरलेले चार महिने वरून पाऊस कोसळत असतो. सनरूफच्या कडेला पन्हळ असते आणि तिचं पाणी खांबांमधून बारीक नळ्यांनी खाली जातं. गाडी आंब्याखाली उभी करणाऱ्याकडे मी एकदा सर्व्हेला गेलो होतो. मोहोर आणि पानांचा चुरा जाऊन नळी बुजलेली. पाणी छताच्या कापडातून झिरपत मागच्या सीटवर थेंबथेंब पडत होतं, आणि त्यांच्या मुलीने तिथे स्टीलची वाटी ठेवली होती. गाडी जेमतेम दोन वर्षांची. नळ्या वेळच्या वेळी साफ केल्या तर असं होत नाही, पण त्या साफ करायच्या असतात हे डिलिव्हरीच्या दिवशी हार घालताना त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वरच्या मॉडेलचं आणखी एक दुखणं म्हणजे चाकं. दिसायला मोठी अलॉय, पण चाक मोठं झालं की टायरची भिंत पातळ होते, मग खड्डा टायर न सोसता तुमचा मणका सोसतो. मधल्या मॉडेलला सोळा इंची चाकं असतात तिथे टायर जाड असतो, बदलायलाही स्वस्त. मधल्या मॉडेलमध्ये मागचा कॅमेरा, मागे एसीचे झरोके, सहा एअरबॅग आणि मागच्या तिन्ही जागांना पूर्ण पट्टे आहेत का ते बघा. एवढं असलं की बाकी सगळी रोषणाई. सुरक्षेचे तारे बघताना साल बघायला विसरू नका. कुशाक आणि टायगुन यांना २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, प्रौढांसाठी आणि मुलांसाठीही. त्याच साली क्रेटाला तीन मिळाले होते, पण ती चाचणी तेव्हाच्या दोन एअरबॅगवाल्या गाडीची होती, आजच्या गाडीची नव्हे. विक्रेता सांगतो तो तारा कुठल्या गाडीचा, कुठल्या वर्षीचा, हे कागदावर मागा.

इंजिनाचा हिशेब तुमच्या रोजच्या वाटेवर बेतू. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १४४० किलोमीटर. भोमच्या अरुंद रस्त्यात आणि बाणस्तारी पुलाच्या आसपास क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ऑटोमॅटिकच घ्या. साध्या दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकला रोजच्या वापरात तेराची सरासरी धरली तर महिन्याला ११० लिटर. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला बॅटरीवरही चालणारी, कागदावर २७.९७ सांगते, आपण वीस धरू, मग ७२ लिटर. लिटरमागे शंभर रुपये धरले तर महिन्याला ३८०० रुपयांचा फरक, वर्षाला साधारण पंचेचाळीस हजार. हायब्रिडला दोन-सव्वादोन लाख जास्त मोजावे लागत असतील तर पाच वर्षांत फिटंफाट. तुम्ही आय-टेन बारा वर्षं वापरलीत, म्हणजे हिशेब हायब्रिडच्या बाजूने जातो.

पण बॅटरी डिकीच्या तळाशी बसते. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची, एलिव्हेटची ४५८, हायब्रिड ग्रँड व्हिटाराची २६० च्या आसपास. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सामान घेऊन निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंग, वर नारळांची पिशवी, नेवऱ्यांचे डबे आणि सासूबाईंचा वॉकर. वॉकरची घडी होते, पण चिबडाची होत नाही. हायब्रिड घ्यायची तर छतावर कॅरिअर लावायची मानसिक तयारी करा. मी तुमच्या जागी असतो तर एलिव्हेट किंवा क्रेटाची साधी पेट्रोल सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) घेतली असती आणि तेलाचा फरक निमूट सोसला असता. यावर माझा मुलगा माझ्याशी भांडतो, त्याला हायब्रिडच हवी होती. पण तो चवथीला रिकाम्या हातांनी येतो.

सीव्हीटीची एक खोड माहीत असू द्या. चोर्ला घाटात जोरात पाय दिला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मग चढते. त्याला दोष समजू नका, थोडा पाय हलका ठेवा. उतरताना ब्रेकवर भिस्त ठेवू नका, गिअर खालच्या खुणेवर आणून इंजिनालाच गाडी धरू द्या. केरीच्या बाजूला उतरताना चाकांपाशी जळका वास येणाऱ्या गाड्या दर पावसाळ्यात दिसतात. डिझेलचा मोह होत असेल तर डिझेल घाटात सगळ्यांत सुखाचं, आणि दिल्लीतला जुन्या डिझेल गाड्यांसाठीचा दहा वर्षांचा नियम आपल्याला लागू नाही. तुमची रोजची धाव सलग तीस किलोमीटरची आहे, त्यामुळे धुरातली काजळी अडवणारी जाळी बुजण्याची भीतीही कमी. पण किंमत जास्त, आणि आजच्या हिशेबात मला तिची गरज वाटत नाही.

आता टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाला तुम्हाला रुंद, गुळगुळीत रस्त्यावरून दोन किलोमीटर फिरवून आणील आणि गाणी लावील. गाणी बंद करायला सांगा. गाडी घरी मागवा, बहुतेक ठिकाणी आणतात. तुम्ही चालवा, सासूबाई पुढे. मुलांना चाइल्ड सीटसकट कडेला बसवा, दुकानातून सीट मिळाली नाही तर नातेवाइकांकडून उसनी आणा. यजमानांना मागे मधोमध बसवा. मग भोम, बाणस्तारी, जुने गोवे करत जा आणि तसेच परत या. येताना त्यांना सनरूफबद्दल पुन्हा एकदा विचारा.